काहिली वाढल्या, रीत कशी वाढवायची?

वडगाव रासाई हे शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका. दोन्ही तीरांवर उसाचं रान. बराचसा ऊस साखर कारखान्यांना जातो, काही गुऱ्हाळांना. तालुक्यातली कितीतरी पोरं रोज रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जातात. मोठ्या कंपनीत भरती झालं की पहिल्या आठवड्यातच ‘कंपनी कल्चर’ हा शब्द कानावर पडतो. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे: रीत. ‘त्यांच्याकडं तशी रीत नाही’ असं आपण घराबद्दल म्हणतो, देवस्थानाबद्दल म्हणतो, तसंच एखाद्या दुकानाबद्दलही म्हणतो.

काम कसं करायचं, गिऱ्हाइकाशी आणि एकमेकांशी कसं वागायचं, कुठली गोष्ट काही झालं तरी करायची नाही, याची उत्तरं सगळ्यांना न विचारता ठाऊक असणं म्हणजे रीत. धंदा लहान असताना ती वेगळी जपावी लागत नाही. धंदा वाढला की मात्र ती पातळ होत जाते, आणि पातळ झाल्याचं मालकाला सगळ्यांत शेवटी कळतं. हे का होतं आणि त्यावर काय उपाय आहेत, ते एक एक पायरी घेऊन बघू. त्यासाठी एक गुऱ्हाळ डोळ्यांसमोर ठेवू. ते कल्पनेतलं आहे, पण तिथलं काम खरं आहे.

एक चुलवाण: नजर

धरून चालू की गावच्या शिवारात एक गुऱ्हाळ आहे. एक चरक, एक चुलवाण, एक काहिल, आणि मालकासकट दहा माणसं. चरकातून निघालेला रस गाळून काहिलीत येतो. खाली चिपाडाचा जाळ. रस तापू लागला की ठेचलेल्या भेंडीच्या झाडांचं चिकट पाणी त्यात घालतात. त्याला धरून मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहायची. मळी जितकी निगुतीनं निघेल तितका गूळ स्वच्छ. मग पाक दाटतो, रंग बदलतो, बुडबुड्यांचा आवाजही बदलतो. शेवटी गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून बघतो. गोळी मनासारखी झाली की काहिल उतरवून पाक वाफ्यात ओततात. लवकर उतरवली तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर गूळ करपतो.

या कामात एक चोरवाट आहे. तोडलेला ऊस फार वेळ पडून राहिला, मळी नीट निघाली नाही, तर गूळ काळपट होतो. त्यात हायड्रोस पावडर, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट टाकलं की तो पिवळाधमक दिसतो, आणि पिवळ्या गुळाकडे गिऱ्हाइकाचा हात आधी जातो. आपल्या मालकानं ठरवलंय की आपल्या काहिलीत पावडर पडणार नाही. त्यापायी आडतीवर त्याला कधी दर कमी मिळतो, कधी ढेपा चार दिवस पडून राहतात. तो ते सोसतो.

हे सोसणं महत्त्वाचं आहे. ‘आम्ही गुणवत्तेला प्राधान्य देतो’ असं कुणीही लिहू शकतं, कारण लिहायला काही लागत नाही. ज्या गोष्टीपायी वर्षातून चार वेळा तरी खिशाला चाट बसते आणि तरीही ती सोडली जात नाही, तीच त्या धंद्याची रीत. आपल्या धंद्याची रीत कुठली हे शोधायचं असेल तर मागच्या हंगामात आपण जाणूनबुजून कशापायी तोटा घेतला, एवढंच आठवून बघावं. काहीच आठवलं नाही, तर जपण्यासारखं अजून काही तयारच झालेलं नाही.

एका चुलवाणावर ही रीत शिकवावी लागत नाही. मालक काहिलीपासून पाच पावलांवर उभा असतो. नवा पोरगा दोन दिवसांत बघून शिकतो. दहा माणसांत एकमेकांशी जुळणाऱ्या जोड्या होतात 45. सगळे सगळ्यांना ओळखतात, कुणी काय केलं ते दुपारच्या भाकरीपर्यंत सर्वांना कळलेलं असतं. माणसं 50 झाली की याच जोड्या 1,225 होतात. माणसं पाचपट, जोड्या सत्तावीसपट. इतक्या ओळखी कुणाच्याच डोक्यात मावत नाहीत. त्यामुळे रीत विरते ती माणसं बिघडल्यामुळेच असं नाही. तिला वाहून नेणारी नजर तेवढ्या लांब पोचत नाही, म्हणून विरते. पुढच्या प्रत्येक पायरीवर तिला नवं वाहन द्यावं लागतं.

दुसरं चुलवाण: माणूस

दुसरं चुलवाण पेटलं की मालक एका वेळी एकाच ठिकाणी उभा राहू शकतो. दुसऱ्या काहिलीवर त्याच्या जागी गुळव्या असतो. म्हणजे दुसऱ्या चुलवाणाची रीत ही गुळव्या निवडतानाच ठरून गेली. हात सफाईदार पण पावडरीची सवय लागलेला, की हात जरा कच्चा पण काळी ढेप लपवणार नाही असा? हंगाम तोंडावर आला की बहुतेक जण पहिल्याला घेतात. ‘आधी काम तर निघू दे’ म्हणतात. मग एका हंगामात दोन काहिलींचे दोन वेगळे गूळ निघू लागतात.

माणसं निवडून रीत वाढवण्याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण किर्लोस्करवाडीचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे कडबा कापायचं यंत्र, आणि 1903 साली लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यानं नांगर खपायला सुमारे दोन वर्षं लागली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन आणि 10,000 रुपये कर्ज दिलं. 1910 मध्ये 25 कामगार आणि त्यांची कुटुंबं त्या 32 एकरांच्या निवडुंगानं भरलेल्या माळावर उतरली. तीच किर्लोस्करवाडी.

त्या माळावरची माणसं बघण्यासारखी आहेत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथं कल्पक इंजिनिअर झाले. शंभोराव जांभेकर मिळेल त्या सामानातून अडलेलं काम उरकणारे. मंगेशराव रेगे हिशेबाला. कागदावरची लायकी बघून ही टोळी जमली नसती. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता, आणि तोही 1910 च्या दशकात. सर्वांत बोलका निर्णय रखवालीचा. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीचे पहारेकरी नेमलं. माणसावर विश्वास टाकायचा ही आपली रीत आहे, असं भाषण करून पटलं नसतं. ज्याच्यापासून दारं लावून घ्यायची, त्याच्याच हाती रात्रीची रखवाली दिल्यावर मात्र सगळ्या वाडीला ते न सांगता समजलं.

आपल्या गुऱ्हाळापुरता धडा असा. नवा माणूस घेताना त्याचं काम बघायचंच, पण बिघडलेल्या कामाचं तो काय करतो तेही बघायचं. आठ दिवस त्याला जुन्या गुळव्याच्या शेजारी उभा करावा, आणि एक तरी काहिल बिघडेपर्यंत पक्कं करू नये.

तिसरं चुलवाण: मजुरी

तिसऱ्या चुलवाणाला बहुतेक जण मजुरीची पद्धत बदलतात. रोजंदारीऐवजी ढेपेवर मजुरी. हिशेब सोपा, कामही उरकतं. पण याच जागी रीत हळूच फुटते.

ढेपेवर मजुरी म्हणजे काळी ढेप आणि चांगली ढेप यांना सारखाच पैसा, आणि मळी काढण्यात घालवलेल्या वेळाला शून्य. गुळव्यानं झारा लवकर ठेवला तर दिवसाची एक काहिल वाढते. त्यातून मालकानं ‘काळी निघाली तर पैसे कापीन’ असं म्हटलं, की पावडरीचा पुडा आपल्या पायानं चालत गुऱ्हाळात येतो. भिंतीवरची पाटी म्हणते पावडर नको, मजुरी म्हणते पावडर आण. अशा वेळी माणूस पाटी वाचत नाही, पाकीट मोजतो. त्यात त्याचा दोष थोडा, पद्धतीचा जास्त.

म्हणून धंदा वाढवताना दरवेळी एक ताळा करून बघावा. आपण पैसे कशाचे देतो, वर कुणाला चढवतो आणि कामावरून कुणाला काढतो? या तिन्ही गोष्टी रीतीच्या बाजूनं आहेत का? सगळ्यांत जास्त माल काढणारा माणूस हाताखालच्यांना शिव्या घालत असेल आणि त्यालाच मुकादम केलं, तर बाकीच्यांना त्या गुऱ्हाळाची खरी रीत त्या दिवशी कळली. दिवाळीच्या बोनसबरोबर दिलेलं भाषण ती पुसून काढू शकत नाही.

शंभर माणसं: कागद

आता गुऱ्हाळाची कंपनी झाली म्हणू. गूळ डब्यात भरला जातो, काकवी बाटलीत, पुण्यात दोन विक्रेते आहेत. मालकाला कधीच न भेटलेली माणसं मालकाच्या नावानं काम करतात. इथं लिहावं लागतं.

किर्लोस्करांकडे ही वेळ लवकर आली. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याचं एक छोटं मासिक. पुढे तेच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ आलं. नांगर आणि पंप करणाऱ्या कारखान्यानं मराठी घरांमध्ये वाचनाची सवय पोचवली. धंद्याच्या दृष्टीनं त्यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की कारखान्यानं आपल्याबद्दल नियमित लिहायचं ठरवलं. ज्यानं माळावरचे निवडुंग पाहिले नाहीत, त्यालाही वाडीची गोष्ट वाचता येऊ लागली.

लहान कंपनीला मासिक काढायची गरज नाही. एक वही पुरते. तिच्यात बोधवाक्यं लिहू नयेत, घडलेलं लिहावं. ‘प्रामाणिकपणे वागा’ या ओळीतून नव्या माणसाला काहीच शिकता येत नाही. ‘अमुक तारखेला चरक बंद पडला, ऊस दोन दिवस राहिला, 11 ढेपा काळ्या निघाल्या, वेगळ्या लावल्या, व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं, त्यानं कमी दरानं घेतल्या’ ही नोंद वाचून मात्र असं झालं तर काय करायचं ते कळतं. अशा वीस नोंदी म्हणजे त्या कंपनीची पोथी.

कागदाला मर्यादाही आहे, आणि ती नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी सोसून शिकली. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी बागेची नोंदणी, फवारणीच्या नोंदी, प्रयोगशाळेतली तपासणी ही सगळी व्यवस्था ‘ग्रेपनेट’खाली उभी होती. तरीही 2010 च्या हंगामात युरोपमध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला, कंटेनर अडकले आणि निर्यातदार, बागायतदार दोघेही पोळले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा हे रसायन नव्हतं. वही तेवढंच पकडते, जेवढं वहीत विचारलेलं असतं. यादीत नसलेली गोष्ट दिसल्यावर ‘हे बरोबर नाही’ म्हणून हात वर करणारा माणूस तिथं उभा असावाच लागतो. कागदानं रीत लांबवर जाते, पण तिला डोळे माणसाचेच लागतात.

हजार माणसं: वाटा आणि तुकडे

इतकं करूनही एक अडचण उरते. माणसं फार झाली की मुख्य कचेरी लांब जाते. त्यावर एक उपाय पुणे जिल्ह्यातल्याच माणसांनी मुंबईत शोधून ठेवलाय.

मुंबईच्या डबेवाल्यांचं काम 1890 च्या सुमाराला महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलं असं मानलं जातं. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव या भागांतली माणसं त्यात जास्त. ऐन भरात सुमारे 5,000 डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवत. हार्वर्ड बिझनेस स्कूलनं 2010 मध्ये त्यांच्यावर अभ्यास-प्रकरण केलं. डबा कुठं जायचा ते सांगणाऱ्या, डब्यावरच्या खुणांचं कौतुक सगळे करतात. त्या खुणांखाली जी बांधणी आहे तिच्याकडे कमी लक्ष जातं.

एवढ्या माणसांची एक फौज त्यांनी केली नाही. लहान लहान टोळ्या केल्या, प्रत्येकीवर आपल्यातूनच वर आलेला मुकादम ठेवला. टोळीचा हिशेब टोळीपाशी, भांडण टोळीतच मिटवायचं, आणि टोळीची कमाई सारखी वाटून घ्यायची. टोपी नसेल, कामावर दारू पिऊन आला, तर दंड. माणूस इथं पगारी नसतो, वाटेकरी असतो. डबा चुकला तर साहेबाचं नुकसान होत नाही, आपल्या टोळीचं गिऱ्हाईक जातं. नजर, जी पहिल्या चुलवाणावर होती, ती अशी परत मिळते. दहा-वीस माणसांत कोण काय करतो ते पुन्हा सगळ्यांना दिसतं.

आणि चैत्रात गावच्या यात्रा लागल्या की डबेवाले काही दिवस काम थांबवून गावी येतात. दोन लाख गिऱ्हाइकांना आधी सांगून टाकतात. यात्रेचा जो दिवस चुकवायचा नसतो, तो कुणाला चुकवायला लावत नाहीत. एवढ्या एका सुट्टीतून नव्या पोराला कळतं की हा धंदा आपला आहे.

आपल्या गूळ कंपनीसाठी याचा अर्थ सरळ आहे. तीनशे माणसांचं एक मोठं गुऱ्हाळ उभारण्यापेक्षा प्रत्येक चुलवाणाची टोळी वेगळी ठेवावी, तिचा हिशेब वेगळा काढावा, आणि नफ्यातला ठरलेला वाटा टोळीला द्यावा. वाढायचं ते मोठ्या ढेपेनं नाही, जास्त ढेपांनी.

काय टाकायचं

रीत जपणं म्हणजे सगळं जुनं तसंच ठेवणं, असा एक घोटाळा नेहमी होतो. पुण्याच्या चितळे बंधूंचं दुकान दुपारी 1 ते 4 बंद असायचं, त्यावर अख्ख्या महाराष्ट्रानं विनोद केले. काही वर्षांपूर्वी त्यांनी ती वेळ बदलली, दुकान दुपारीही उघडं राहू लागलं. पुणेरी ओळख पुसली म्हणून काहींना हळहळ वाटली. पण लोक रांगेत उभे राहत होते ते दुपारच्या बंद दारासाठी नाही. बाकरवडीची चव बदलली असती तर गोष्ट वेगळी होती. दुपारची झोप ही सवय होती, चव ही रीत.

दोन्ही ओळखायची सोपी खूण आहे. ही गोष्ट बंद केली तर गिऱ्हाइकाचं किंवा कामगाराचं काय बिघडेल? उत्तर लगेच देता आलं तर ती रीत. ‘आमच्याकडं पहिल्यापासून असंच आहे’ एवढंच उत्तर आलं तर ती सवय, आणि सवय खुशाल टाकावी.

घट्ट रीतीला दुसरी बाजूही असते, ती झाकून ठेवू नये. ओळखीतून, एकाच भागातून माणसं घेतली की भरवसा लवकर बसतो, पण बाहेरच्याला दार अरुंद होतं. कंपनीच्याच वसाहतीत राहिलं की आपुलकी वाढते, पण नोकरी गेली की घरही जातं, म्हणून माणूस ‘नाही’ म्हणायला कचरतो. भीमेच्या दोन्ही तीरांवरच्या गुऱ्हाळांत आज लांबून, परप्रांतातून आलेले मजूरही राबतात. त्यांना रीत पाळायला लावायची आणि रीत ठरवताना मात्र विचारायचं नाही, हे फार दिवस चालत नाही. मळी कशी काढावी हे त्यांच्यातल्या एखाद्याला मालकापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

वही उघडताना

शेवटी पुन्हा तिसऱ्या चुलवाणाशी येऊ. मालक पुण्याला मार्केट यार्डात गेलाय. चरकाचा पट्टा तुटल्यानं ऊस दोन दिवस पडून आहे. रात्री काहिल उतरते आणि वाफ्यात ओतल्यावर दिसतं की रंग काळवंडलाय. व्यापाऱ्याचा टेम्पो पहाटे येणार आहे. पावडर जवळच्या दुकानात मिळते, अजून एक काहिल बाकी आहे, आणि बघायला कुणी नाही.

गुळव्या कोळशानं त्या ढेपांवर खूण करतो, त्या वेगळ्या रांगेत लावतो आणि वहीत लिहितो: 11 ढेपा काळ्या, ऊस शिळा. मग पुढची काहिल चढवतो आणि झारा घेऊन मळी काढत बसतो.

इथवर आणायला माणूस नीट निवडावा लागला, मजुरीची पद्धत बदलावी लागली, वही ठेवावी लागली, टोळीला वाटा द्यावा लागला. आता एकच काम उरतं आणि ते मालकाचं आहे. सकाळी तो वही उघडेल. ‘11 ढेपा काळ्या कशा काढल्या?’ असं ओरडला, तर उद्यापासून वही स्वच्छ राहील आणि गूळ पिवळा निघेल. ‘ऊस दोन दिवस का पडून राहिला, पट्टा आपल्याकडं जादा का नव्हता?’ असं विचारलं, तर पुढच्या हंगामातही त्या वहीत खरं लिहिलं जाईल.